रिकामी जागा परत मिळविताना

एकाच सक्षम संगणकावर अनेक ‘आभासी संगणक’, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, चालविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. अशा संगणकाची डिस्क ही बहुधा मूळ संगणकावरील एक मोठी फाईल असते. ‘थिन’ प्रकारात ही फाईल गरजेनुसार वाढत जाते. मात्र आपण होऊन ती सहसा आक्रसत नाही.

समजा, एका आभासी संगणकास ५०० जीबी जागा देऊ केली. माहिती साठत जाऊन फाईल ३०० जीबींची झाली. जुने अहवाल काढून टाकल्यावर आत केवळ ६० जीबी उरले. तरीही मूळ डिस्कवर ३०० जीबी अडलेलेच राहतात. याचे कारण असे, की फाईल ‘डिलीट’ करताना कार्यप्रणाली फक्त स्वतःच्या सूचीत जागा मोकळी झाल्याची नोंद करते. ग्राहकाने लॉकर रिकामा केला, पण किल्ली परत केली नाही, तर बँकेच्या नोंदवहीत तो वापरातच दिसतो, तसेच हे.

थिन पद्धतीत प्रत्यक्षापेक्षा अधिक जागा देऊ करता येते. त्यामुळे मूळ डिस्क भरली, तर तिच्यावरील अनेक आभासी संगणक एकाच वेळी थांबू शकतात.

किल्ली परत करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, ‘ट्रिम’ किंवा ‘अनमॅप’ या सूचनेने मोकळ्या जागेची वार्ता खालपर्यंत पोहोचविणे. लिनक्समध्ये ‘एफएसट्रिम’ ही आज्ञा हे काम करते. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ६.५ (२०१६) पासून व्हीएमएफएस-६ वर ही जागा आपोआप परत घेतली जाऊ लागली. दुसरा मार्ग, मोकळ्या जागेत शून्ये भरून, संगणक बंद करून, फाईल आवळणे. विंडोजमध्ये शून्ये भरण्यास ‘एसडिलीट’ उपयोगी पडते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘कॉम्पॅक्ट’ हा पर्याय व्हीडीआय फाईल आवळतो.

येथे सावधगिरी हवी. शून्ये भरताना थिन फाईल आधी ५०० जीबींपर्यंत फुगू शकते. मूळ डिस्कवर तेवढा वाव नसेल, तर जे टाळावयाचे तेच ओढवेल. म्हणून प्रथम बॅकअप घ्यावा, जुने स्नॅपशॉट शिल्लक आहेत का ते पाहावे, उपलब्ध जागा मोजावी आणि मगच कामास हात घालावा.

जागा मोकळी करणे आणि ती परत करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानी ठेवणे हिताचे.