ताण, ओज आणि शरीराची जुळवणूक

देऊळगाव राजा परिसरातील बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर चालते. सन 2006 मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणाही होता. अशा भागात निद्रानाश, अग्निमांद्य व हृद्द्रव घेऊन येणाऱ्या रुग्णाचा विचार ताणाच्या अंगाने करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये ताणाच्या तीन अवस्था मांडल्या : सावधता, प्रतिकार व थकवा. संकट जाणवताच काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन स्रवते. पाठोपाठ हायपोथॅलॅमस व पीयूषिका ग्रंथीच्या आदेशाने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते आणि रक्तातील साखर वाढते. पुरेसे कॉर्टिसॉल झाले की तेच मेंदूला थांबण्याची सूचना देते. सारांश, ही यंत्रणा अल्पकाळासाठी आहे.

कर्जाची चिंता मात्र हंगामासोबत संपत नाही. निरोगी शरीरात कॉर्टिसॉल पहाटे चढते व रात्री उतरते. दीर्घ ताणात हा क्रम बिघडू शकतो. मग झोप, रक्तदाब, साखर व व्याधिक्षमत्व यांवर परिणाम होतो. थकव्याच्या अवस्थेत संप्रेरके संपतात, असे सेल्ये मानत. मॅकएवन व स्टेलर यांनी 1993 मध्ये वेगळा विचार मांडला : जुळवून घेण्याची यंत्रणा सतत चालू राहिल्यानेच शरीराची झीज होते.

सुश्रुताचार्यांनी ओजाच्या विस्रंस, व्यापद् व क्षय अशा तीन विकृती सांगितल्या आहेत. सेल्ये यांच्या अवस्थांशी त्यांचे साम्य मोहक असले, तरी दोन्ही एकच मानू नयेत. ओजक्षय म्हणजे रिकामी झालेली ग्रंथी नव्हे.

यावरून चिकित्सेचा क्रम ठरतो. प्रथम निदानपरिवर्जन, निद्रा व आहारकाल, रसायन त्यानंतर. अश्वगंधेने ताण व कॉर्टिसॉल काहीसे घटल्याचे लहान चाचण्यांत दिसले आहे. तथापि क्वचित यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून यकृतविकार, थायरॉईडची औषधे व गर्भावस्था यांची चौकशी केल्याविना औषधविक्रेत्यांनी ती देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निराश रुग्णास ‘जीव नकोसा वाटतो का?’ हे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास एकटे सोडू नये, कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत असे घरच्यांस सांगावे व तत्काळ मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. 2022 पासून ‘टेलिमानस’ची 14416 ही निःशुल्क सेवाही उपलब्ध आहे. अशा वेळी केवळ चूर्णाची पुडी बांधून देणे ही चिकित्सा नव्हे.