मम्मीनं कपाटात ठेवलेलं पुस्तक

अगं, आधी नाक पूस आणि ऐक. मम्मीनं तुझं हॅरी पॉटर कपाटात कुलूपबंद केलं, तुला राग आला, समजू शकते. पण ‘मम्मी बुरसटलेली आहे’ असं जे मला लिहून पाठवलंस ना, ते नाही आवडलं.

तिची भीती हवेतून आलेली नाही. अनुवादाचा 18 वा अध्याय काढ. शकुन बघणारे, जादूटोणा करणारे, मेलेल्यांना विचारायला जाणारे, कुणालाच तिथे सूट नाही. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसच्या लोकांनी आपल्या जादूच्या पोथ्या चारचौघांत जाळल्या. किंमत काढली तर ती 50,000 चांदीची नाणी भरली! पण त्या पोथ्या लोक वापरत होते, गोष्ट म्हणून वाचत नव्हते. हा फरक सगळ्यांना दिसतोच असं नाही. 2019 मध्ये पोलंडमध्ये काही धर्मगुरूंनी हॅरी पॉटरची पुस्तकं जाळली, आणि त्याच जाळात हॅलो किटीची एक छत्रीही गेली. छत्रीनं कुणाचं काय बिघडवलं होतं, प्रभू जाणे.

आता माझं मत सांगते. गोष्टीत जादू असणं वेगळं आणि आपण ती करायला बसणं वेगळं. शौल राजा वेष बदलून रात्री एन-दोरच्या बाईकडे जातो, मेलेल्या शमुवेलाला उठवायला सांगतो. हे सगळं पवित्र शास्त्रातच बारकाव्यांनिशी लिहिलंय. अगदी शेवटी ती बाई वासरू कापून, भाकरी भाजून त्याला जेवू घालते इथपर्यंत. आपण ते वाचतो म्हणून शौलासारखे वागायला लागत नाही. मात्र मैत्रिणीच्या घरी वाटी उपडी ठेवून प्लँचेट करायला बसलात, असं मागे सहज बोलून गेलीस ना? मला पॉटरपेक्षा त्या वाटीची जास्त काळजी वाटते. शौलानं केलं ते याहून फार वेगळं नव्हतं. आणि ते राशीभविष्याचं ॲपही आजच काढून टाक, गंमत म्हणूनसुद्धा नको.

नार्निया लिहिणारा सी. एस. लुईस आधी नास्तिक होता. 1931 मध्ये ऑक्सफर्डला एका रात्री टॉल्किनशी बराच वेळ बोलणं झालं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा ख्रिस्तावर विश्वास बसला. हा टॉल्किन म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला, पक्का कॅथलिक. त्याच्या गोष्टीत गँडाल्फ नावाचा जादूगार आहे, पण वाचताना त्यातल्या अंगठीकडे नीट बघ. चांगल्या कामासाठीसुद्धा ती वापरायला गँडाल्फ तयार होत नाही, कारण दुसऱ्यावर सत्ता गाजवायची हाव आपल्याला कुठवर नेईल हे तो ओळखून असतो. मी तरी कुठलंही पुस्तक याच प्रश्नानं जोखते: मिटल्यावर मला काय हवंसं वाटतंय? आणि गंमत बघ, एवढी दोस्ती असून टॉल्किनला नार्निया काही रुचलं नव्हतं. त्या दोघांचं यावर जमलं नाही, तर आपल्या घरात लगेच एकमत व्हावं असं कसं?

आता आजीचं. ऑक्सफर्डच्या त्या दोन प्राध्यापकांना चेटकीण भेटायची ती पुस्तकात. आजीच्या गावात चेटकीण म्हणजे शेजारच्या आळीतली विधवा, जिच्यावर करणीचा आळ आला आणि जिच्या दारातून माणसं जाईनाशी झाली. कुणी आजारी पडलं की भगत, अंगारा, उतारा. त्या भीतीतून सुटका म्हणून तर तिला येशू आपला वाटला. अन् ही काही फार जुनी गोष्ट समजू नकोस, महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो 2013 मध्ये. मम्मी याच आजीच्या हाताखाली वाढली. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 8 वा अध्याय वाच. मूर्तीला वाहिलेलं मांस खाल्ल्यानं पौलाचं काही बिघडत नव्हतं. पण कालपर्यंत त्या मूर्तीपुढे वाकणाऱ्याला त्यानं ठेच लागत असेल, तर त्याच्यासाठी पौल ते सोडायला तयार होता. तुला पुस्तक सोड म्हणत नाहीये मी, पण आजीच्या खाटेवर ते उघडं टाकून जाऊ नकोस.

चोरून मोबाईलवर वाचू नकोस, तेवढं तरी कर. मम्मीला म्हण, आपण दोघी मिळून आधी नार्निया वाचू. अस्लान सिंह एडमंड नावाच्या मुलाच्या जागी मरण पत्करतो तिथवर आलात, की तीच तुला समजावून सांगायला लागेल, बघ. पॉटरचा विषय त्यानंतर काढ. सातव्या भागात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायातलं वचन कोरलेलं आहे, हेही तिला दाखव. पाळकसाहेबांना मध्ये घ्यायची घाई नको, मम्मीला वाटेल तू तिची तक्रार केलीस.

नाताळला मी घरी आहेच. पण कपाटाची चावी तुझ्या वतीनं मी मागणार नाही हं, ते तुझं तू बोल.