पिवळे पान शेंड्याचे की बुडाकडचे?

दसऱ्याच्या आसपास म्हैसुरात पाऊस रेंगाळतो आणि परसातल्या लिंबू-पेरूची पाने पिवळी पडू लागतात. खताचे पाकीट फोडण्याआधी आळ्यात खुरपे घाला. वीतभर खाली माती चिकट, आंबूस वासाची आणि मुळ्या काळपट लागल्या, तर झाड उपाशी नाही. साचलेल्या पाण्याने त्याच्या मुळ्या गुदमरल्या आहेत. चर काढून पाणी वाहते करा आणि खत थांबवा.

मुळ्या पांढऱ्या, निरोगी असतील तर मग पान पाहा. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतात. टंचाई आली की झाड ही द्रव्ये जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. सगळे पान सारखेच फिके पडले तर नत्र कमी. लिंबाच्या पानात देठाजवळ हिरवा त्रिकोण उरून बाकीचे पिवळे झाले तर मॅग्नेशियम. लोह मात्र जागचे हलत नाही. शेंड्याचे पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. शेंड्याची पाने बारीक, अरुंद निघून शिरांमध्ये पिवळी पडली तर जस्त कमी समजा.

आता तांबड्या मातीत लोह कमी कसे? माती लोहानेच तांबडी आहे, पण घर बांधताना कुंपणाच्या भिंतीलगत पुरलेला चुना-सिमेंटचा राडारोडा आणि बोअरचे जड पाणी सामू वाढवतात. लोह मातीतच अडकते. तिथे आळ्यात हिराकस (फेरस सल्फेट) टाकणे वाया जाते. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का सिट्रस स्पेशल’ हे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रणही चांगले. प्रमाण पाकिटावरचेच ठेवा.

दोन रोग मात्र कमतरतेसारखेच दिसतात. शेजारच्या कोडगूतल्या संत्राबागांची वाताहत करणाऱ्या ग्रीनिंग रोगात पिवळे चट्टे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसतात. कमतरतेत ते बहुधा सारखे असतात. नंजनगुडच्या रसबाळे केळीची खालची पाने कडेने पिवळी पडून बुंध्यापाशी मोडून लोंबली, तर बुंधा कापून पाहा. आत तपकिरी-लालसर रेषा दिसल्या तर ती पनामा मर. झाड काढून टाका आणि त्याचे कंद कुणालाही देऊ नका.

फवारणीनंतर जुनी पाने हिरवी होण्याची वाट पाहू नका. गुण आला की नाही, हे फवारलेल्या कोवळ्या पानांवर कळते; लोह जागचे हलत नसल्याने पुढची नवती पिवळी निघाली तर पुन्हा फवारा.