आपल्या कुळाचा शोध

आजोबांचे नाव तुम्हांपैकी बहुतेकांस सांगता येईल. परंतु पणजीचे नाव किती जणांस ठाऊक आहे? इ. स. २०२३ मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध करविला. तेव्हा जुन्या कागदावरील एका ओळीचे मोल घरोघर कळले.

जवळा बाजारच्या मुलांनी हा शोध करताना तीन गोष्टी ध्यानी धराव्या. पहिली, हद्द. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. म्हणून त्यापूर्वीचे कागद परभणीच्या नावाखाली पाहावे. दुसरी, लिपी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्यामुळे सरकारी दप्तर पुष्कळसे उर्दूत, तर गावचे जुने कागद मोडीत आढळतात. ते जाणत्याकडून वाचवून घ्यावे. तिसरी, सन. कागदावर फसली सन असल्यास त्यात ५९० मिळवावे. १३४० फसली म्हणजे इ. स. १९३०–३१.

आरंभ मात्र घरातील वडीलधाऱ्यांपासून करावा. त्यांचे बोलणे लिहून घ्यावे, मग शाळेचा दाखला, जमिनीचे कागद, त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रातील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ख्रिस्ती कुटुंबांनी मंडळीतील बाप्तिस्म्याची नोंदवही, असे एकेक पायरी मागे जावे. एकाच नावाचे दोन पुरुष एका गावात असू शकतात. म्हणून केवळ नाव जुळले एवढ्यावर भुलू नये. बापाचे नाव, गाव व जमीन हीही जुळली पाहिजेत. आणि आवडती गोष्ट सापडावी म्हणून कागदावर एक अक्षरही फिरवू नये. तो पूर्वजांशी व शेजाऱ्यांशी असत्य व्यवहार होय.

जमिनीच्या कागदांत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात फ्रेंच वसाहतीच्या काळापासून पाद्र्यांनी नोंदवह्या ठेविल्या. त्यांत विवाहित स्त्रीही आपल्या माहेरच्या नावाने नोंदलेली असते. त्यामुळे तेथील लोकांस आईच्या बाजूनेही कुळ शोधता येते. आमच्या कागदांतील ही उणीव आम्हीच भरून काढिली पाहिजे. मत्तयकृत शुभवर्तमान वंशावळीनेच आरंभते, आणि तीत परदेशी विधवा रूथ हिचे नाव वगळलेले नाही.

तर मुलांनो, आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा आणि तिच्या आईचे नाव विचारून वहीत लिहा. ते कोणत्याही दप्तरात नसेल, आणि सांगणारी एकटी तीच असेल.