भेद्यतेचे माप

एकाच रात्री एकाच गावावर वादळ येते. पक्क्या घरातील माणसे कवाडे लावून स्वस्थ निजतात. शेजारच्या झोपडीचे मात्र छप्पर उडून जाते. वारा दोघांनाही सारखाच होता. मग हानी कमीअधिक का झाली? संकट बाहेरून येते. परंतु त्यापुढे टिकून राहण्याचे बळ ज्याचे त्याच्यापाशीच असावे लागते. या बळाच्या उणिवेस शास्त्रज्ञ ‘भेद्यता’ असे म्हणतात.

पाऊस पर्जन्यमापकाने मोजता येतो. सबंध प्रदेशाची भेद्यता कशी मोजावी? मंडी व गुवाहाटी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी भारतातील राज्यांची अशी मोजणी केली. तिचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. दारिद्र्य, पावसावर विसंबलेली शेती, धान्योत्पादनातील चढउतार, वने, रस्ते, पीकविमा, आरोग्यसेवक इत्यादी चौदा गोष्टी त्यांनी विचारात घेतल्या.

पण रस्त्यांची लांबी आणि गरिबांची संख्या यांची बेरीज कशी करावयाची? यासाठी एक सोपी युक्ती योजिली जाते. एखाद्या बाबतीत ज्या राज्याची स्थिती सर्वांत बरी, त्यास शून्य. ज्याची सर्वांत बिकट, त्यास एक. इतरांस त्यांच्या मधले अंक. अशा सर्व अंकांची सरासरी म्हणजे त्या राज्याचा निर्देशांक होय.

या मोजणीत झारखंडचा निर्देशांक सर्वाधिक, सुमारे ०.६७ ठरला. ओडिशा, बिहार, आसाम ही राज्येही अतिभेद्य गणली गेली. महाराष्ट्राचा अंक सर्वांत कमी, सुमारे ०.४२ आला. म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? मुळीच नाही. हा अंक शून्य नव्हे; शिवाय सरासरीत पुष्कळ दुःख झाकले जाते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी पावसाच्या अखंड धारा कोसळतात. त्याच जिल्ह्यातील माण तालुका मात्र पाण्यासाठी आकाशाकडे डोळे लावून बसतो. म्हणूनच अशी मोजणी जिल्ह्याजिल्ह्यांतून, गावागावांतून झाली पाहिजे.

मोजणीचा हेतू कोणास हिणवण्याचा नसतो. विहीर आधी कोठे खणावी, वैद्य आधी कोठे पाठवावा, हे तिच्यावरून ठरते. पुढचे वादळ येण्यापूर्वी झोपडीचे छप्पर पक्के व्हावे, एवढ्यासाठीच हा सारा हिशेब.

स्वाध्याय : आपल्या गावी पूर किंवा दुष्काळ आल्यास सर्वांत आधी कोणास झळ पोहोचेल? का? दहा ओळींत लिहा.