विजेवरचा ट्रॅक्टर : घेण्यापूर्वी हिशेब करा

विजेवरचा ट्रॅक्टर धूर सोडत नाही व डिझेलचा खर्च वाचवतो. तरीही आपल्याकडे त्याचा प्रसार अद्याप फारसा झालेला नाही. जास्त किंमत हे एक कारण आहेच. परंतु मोठी अडचण चार्जिंगची आहे.

समजा, नांगरटीस तासाला ४ लिटर डिझेल लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. पण प्रत्यक्ष कामास त्यापैकी ३ युनिटच मिळतात. म्हणजे सहा तासांच्या नांगरटीस बॅटरीत ७२ युनिट हवेत. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला सुमारे ३ युनिट मिळतात. म्हणजेच चार्जिंगला २४ तास अखंड वीज हवी! पावसानंतर वाफसा थोडेच दिवस टिकतो. तेव्हा ट्रॅक्टर प्लगपाशी उभा राहिला, तर मशागत व पेरणी मागे पडते. कृषिपंपाच्या जोडणीवरून चार्जिंग करू नये. मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर वीज कायदा, २००३ नुसार अनधिकृत ठरतो.

हलक्या कामाचे गणित मात्र वेगळे आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०२३ मध्ये सादर केलेला लहान ई-ट्रॅक्टर घरच्या प्लगवर ७ ते ८ तासांत चार्ज होऊन शेतात ४ तासांहून अधिक चालतो, असे संस्थेचे म्हणणे आहे. फवारणी, कोळपणी व बागेतील वाहतुकीस असा ट्रॅक्टर विचारात घेता येईल.

म्हणून कर्ज काढण्यापूर्वी तीन गोष्टी वहीत लिहाव्यात : सर्वांत जड काम रोज किती तास, घरी अखंड वीज किती तास आणि बॅटरीची हमी किती वर्षे. हिशेब जुळला तरच खरेदी करावी.