उंबरठ्यावरचं फूल



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६

पान, फूल, फळ, नाहीतर नुसतं पाणी. शुद्ध मनाने, भक्तीने कुणी दिलं तर मी ते स्वीकारतो, असं भगवंत इथे सांगतात. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा श्लोक. पण मूळ संस्कृत नीट वाचा. फूल एकदाच येतं, भक्ती हा शब्द दोनदा.

हे वाचताना मला उत्तराखंडची फूलदेई आठवते. तिकडे महिने सौर मानाने मोजतात. सूर्य मीन राशीत गेला की, म्हणजे १४-१५ मार्चच्या सुमारास, चैत्र लागतो. त्या सकाळी कुमाऊं-गढवालातली लहान मुलं फ्योंलीची पिवळी आणि बुरांसची लाल फुलं टोपलीत घेऊन निघतात आणि घरोघरी उंबरठ्यावर वाहतात. देई म्हणजे उंबरठाच. या घराचं भलं होवो, कोठार भरलेलं राहो, अशा अर्थाचं गाणं म्हणतात. घरातली माणसं त्यांना तांदूळ, गूळ, पैसे देतात.

हे सुरू कसं झालं? लोक एक कथा सांगतात. फ्योंली नावाची रानात वाढलेली मुलगी लग्न होऊन दूर गेली आणि माहेरच्या आठवणीने झुरून वारली. तिला पुरलं तिथे पिवळं फूल उमललं. आता ही लोककथा आहे, इतिहास नव्हे. पण कुमाऊंत याच चैत्रात भाऊ सासरी गेलेल्या बहिणीला भेट घेऊन जातो, त्याला भिटौली म्हणतात. म्हणजे लांब गेलेल्या लेकीची आठवण हा त्या महिन्याचाच भाव आहे.

आता तीन श्लोक पुढे या. ९.२९ मध्ये भगवंत म्हणतात, मी सर्व प्राणिमात्रांत सारखाच आहे. मग देवाला वाहायचं फूल माणसाच्या दारात ठेवलं, तरी ते पोचतं कुठे?

खरं सांगू? माझ्याकडे पूजेची फुलं रोज ॲपवरून येतात. पुडी दाराला लटकलेली असते. मी ती काढतो, देवाला वाहतो, लॅपटॉप उघडतो. समोरच्या फ्लॅटमध्ये एक आजी एकट्या राहतात. दोन वर्षांत त्यांचं नावही मी विचारलेलं नाही. फुलं दोनदा मोजली असतील, भक्ती एकदाही नाही.

आजचा अभ्यास : एक फूल स्वतः निवडा आणि ज्यांच्याशी बोलणं राहून गेलंय त्यांच्या दारी जा. बेल वाजवा, हातात द्या. मीही आज समोर जाणार आहे.

राम कृष्ण हरी!